दोन बोटं खाली

टीव्हीवर रोज गुजरातेतला भूकंप दाखवत होते, ते दोन हजार एक साल. त्या वर्षी माघात पोंभुर्ण्याच्या देवाजी गुरनुल्यांनी एका सरकारी लिलावात मोठी जीपगाडी घेतली, आणि चैत्री पुनवेला त्या गाडीपायी गुरनुल्यांच्या घराची अब्रू जंगल खात्याच्या नाक्यावर जमा झाली. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही. कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता. तिनं गाडी उंच बनवली होती आणि ती उंच होती, एवढंच.

उंच म्हणजे किती, तर देवाजींच्या कृषी केंद्राच्या ओट्यावरून पाऊल टाकलं की सरळ गाडीत. रस्त्यावरून चढायचं झालं तर आधी दांडीला हात, मग पायरीला पाय, मग देवाचं नाव, आणि शेवटी मागून कोणीतरी द्यायचा तो आधार. गडचिरोलीकडच्या जंगलात कुठल्याशा साहेबाला फिरवून ती म्हातारी झाली होती. नाले, दगड, बांध, सगळं पोटाला न लावता ओलांडायची.

गाडी घरी आली त्या दिवशी देवाजींच्या बायकोनं, ताराबाईंनी, तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पुढंच, कारण मागं बसलं की त्यांना मळमळतं. हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. असली गोष्ट कळायला माणसाला आधी एकदा तरी मागं बसून पाहावं लागतं, पण ताराबाईंना ती न बसताच कळली होती.

मग देवाजींच्या आईला, सायत्राबाईंना, बोलावणं गेलं. सत्तरी ओलांडलेली, पण अंगानं काटक, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. म्हातारी गाडीजवळ आली. दांडीला हात लावला. पुढच्या सीटकडे पाहिलं, मागच्या सीटकडे पाहिलं, आणि हात काढून घेतला.

"नाई बापा. माहे गुडघे नाई चढत एवढ्या वर्ती."

आणि घरात जाऊन तूर पाखडायला बसली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. म्हातारं माणूस, गुडघे दुखायचेच. पण पुढच्याच आठवड्यात धाकटा मुलगा मुखरू भद्रावतीहून आला. तिथल्या कारखान्यात तो नोकरीला होता, वसाहतीत घर होतं, आणि त्याच्याकडे एक लाल रंगाची ठेंगणी गाडी होती. इतकी ठेंगणी, की शेजारी बकरी उभी राहिली तर दोघी बहिणी दिसाव्यात. मुखरूनं दार उघडलं आणि सायत्राबाई पदर खोचून अशी फटकन आत बसली, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहणाऱ्या ताराबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तव्यावरची भाकर करपली.

बाजारचौक, पोस्ट, पाण्याची टाकी, सगळीकडे लाल गाडी फिरून आली. म्हातारीचं कोपर पुढच्या खिडकीबाहेर होतं, जिल्हा परिषदेवर निवडून आल्यासारखं. मुखरूची बायको रुखमाबाई मागं, पिशव्या आणि वांग्यांच्या टोपलीमधे दबून बसली होती. ताराबाईंना त्यातल्या त्यात तेवढंच समाधान.

"धड बसाले जागा नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् गाडी म्हणते तिले."

आता ताराबाईंच्या बाजूनंही विचार करायला हवा. बाराही महिने सासूचं सगळं त्याच करायच्या. तिला लागतो तसा मऊ भात, आंघोळीला धग लागेल इतकं कढत पाणी, डोळ्यांत थेंब, उन्हाळ्यात माठाजवळची जागा, सगळं. आणि कधीमधी येणारी धाकटी जाऊ तिला चौकातून फिरवून आणते, तर दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या बाया कोणाचं नाव घेतात? "सायत्रामायचं नशीब बाई, धाकटी सून गाडीत मिरवते!" ताराबाईंची गाडी लाल गाडीच्या दुप्पट होती. ती अंगणात उभी राहून काय करत होती? तिच्या सावलीत शेजारच्या कोंबड्या बसत होत्या.

आणि चैत्र जवळ आला होता. चैत्री पुनवेला चंद्रपूरला महाकालीची जत्रा भरते. गुरनुल्यांचा जुना रिवाज असा, की घरातली थोरली बाई ज्या वाहनातून देवीच्या दारात उतरेल त्या वाहनापुढं नारळ फुटायचा, आणि ते वाहन ज्या सुनेच्या घरचं, तिनं त्या वर्षी देवीची ओटी भरायची. बैलगाडी एकच होती तेव्हा प्रश्न नव्हता. मग एस.टी. आली. एस.टी.पुढं नारळ फोडायला कंडक्टर थांबत नसे, म्हणून रिवाज बरीच वर्षं नुसता बोलण्यात राहिला. आता घरात दोन गाड्या झाल्या आणि तो एकदम जिवंत झाला. मूल, सावली, नागभीड या गावांचे सगळे नातेवाईक देवळाशी जमणार. त्यांच्यासमोर म्हातारी लाल गाडीतून उतरणार, आणि ओटी रुखमाबाई भरणार.

"नाई," ताराबाई म्हणाल्या. "यंदा ओटी मीच भरणार. आत्याबाई आपल्याच गाडीतून उतरतीन. गुडघे वर जात नसतीन तर गाडी खाली आली पाह्यजे."

"गाडी खाली कशी येते बापा?" देवाजी म्हणाले. ते शांत गृहस्थ होते. शेतकऱ्याला कोणत्या किडीवर कोणतं औषध ते चटकन सांगायचे, पण बायकोच्या या किडीवर त्यांच्या दुकानात काही नव्हतं.

पहिला उपाय साधा होता. एक चौरंग आणून गाडीपाशी ठेवला. सायत्राबाईनं चौरंगाकडे पाहिलं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या चार माणसांकडे पाहिलं. "मी का सत्यनारायण आहो," ती म्हणाली, "चौरंगावर मांडाले?" चौरंग परत गेला.

दुसरा उपाय शेजारच्या झिंगूभाऊंनी सुचवला. झिंगूभाऊ एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि गाडीच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. देवाजींना गाडी पुढं नेता यायची, मागं घेता यायची नाही, म्हणून ही गाडीही झिंगूभाऊच चालवायचे.

"चाकातली हवा काढा," झिंगूभाऊ म्हणाले. "हवा गेली का गाडी बसते."

हवा काढली. गाडी जरा बसली खरी, पण चालायला लागली ती पोट भरलेल्या बदकासारखी. चौकात वळताना एका बाजूला अशी झुकली की पानठेल्यावरचा माणूस ठेला सोडून पळाला. सायत्राबाई लांबून पाहत होती. "माहे गुडघे दुखते," ती म्हणाली, "पन जीव अजून जड नाई झाला."

मग कोणीतरी म्हणालं, वजन टाका. धानाची पोती मागं भरली. गाडी झकास खाली आली. ताराबाईंनी टाळी वाजवली. नंतर लक्षात आलं की आता बसायला जागाच उरलेली नाही. पोती काढली की गाडी वर, पोती भरली की म्हातारी बाहेर. दिवसभर हेच चाललं. शेवटी हमालांनीच हात जोडले.

या सगळ्या गोंधळात इस्तारी सुतार आला. वखराचा दांडा, घराची चौकट, लग्नाचा पाट, लाकडाचं जे असेल ते इस्तारी करायचा, आणि लाकडानं होत नाही असं जगात काही आहे हे त्याला मान्य नव्हतं. तो गाडीखाली गेला, बराच वेळ पाठीवर पडून राहिला. झोपला की काय असं वाटायला लागलं तेव्हा बाहेर आला.

"हे पाहा देवाजीभाऊ. चाकाचा दांडा वर आहे, अन् लोखंडाचे पाटे त्याच्या खालतून बांधले आहेत. गाडीचा सारा भार त्या पाट्यावर. दांडा अन् पाट्याच्या मधात ठोकळा घातला, का पाटे खाली जाते. पाट्यासंगं गाडी खाली येते. चार चाकं, चार ठोकळे. साग पाह्यजे. साग लोखंडाले ऐकत नाई."

"लाकूड?" झिंगूभाऊ ओरडले. "गाडीत लाकूड? इस्तारी, हे का बैलाची बंडी आहे?"

"तुमची एस.टी. तर सारी लोखंडाची होती ना भाऊ? मग रोज काऊन ढकला लागे?"

झिंगूभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी मदत करायचं कबूल केलं, पण मनातून त्यांचा विश्वास बसला नाही, आणि ठोकळ्यांसाठी लांब बोल्ट घालताना निघालेले मूळचे आखूड बोल्ट त्यांनी फडक्यात बांधून गुपचूप सीटखाली ठेवले. हे पुढं कामाला आलं.

घराच्या डागडुजीतून उरलेली सागाची म्याल, म्हणजे छपराखालची आडवी तुळई, परसात पडून होती. ती इस्तारीच्या हवाली झाली. आता प्रश्न राहिला मापाचा. इस्तारीचं म्हणणं, चार बोटांचा ठोकळा पुरे. पण ताराबाईंना आपल्या गाडीची उंची मोजायचीच नव्हती. त्यांना दुसऱ्याच गाडीची मोजायची होती.

होळीला लाल गाडी आली. दुपारी सगळे पुरणपोळी खाऊन आडवे झाले तेव्हा ताराबाई हळूच अंगणात गेल्या, लाल गाडीच्या दाराशी ओणव्या झाल्या आणि जमिनीपासून वितीनं मोजू लागल्या. दोन विती भरल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय पाहून राह्यले मोठ्याबाई?"

रुखमाबाई उभी होती.

"काई नाई वं. गाडीखाली मांजर गेली."

"अव माय! चाकात सापडन ना बिचारी!" म्हणून रुखमाबाई पदर कमरेला खोचून जमिनीवर पालथी पडली आणि नसलेल्या मांजरीला कितीतरी वेळ "माऊ, माऊ" करत राहिली. नव्या साडीला माती लागली. ताराबाईंना क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच, कारण ती साडीही त्यांच्या साडीपेक्षा चांगली होती.

"दोन विती," त्यांनी संध्याकाळी इस्तारीला सांगितलं. "आपली त्याच्यापेक्षा दोन बोटं खाली पाह्यजे."

"खाली? तेवढीच नाई चालत काय?"

"तेवढीच कायले? दोन बोटं खाली."

इस्तारीनं डोकं खाजवलं. "मंग ठोकळा नाई बाई, उखळच लागते."

"मंग उखळ घाल."

अशा रीतीनं गाडी विटांवर चढली आणि गावाचं जाणं-येणं गुरनुल्यांच्या अंगणातून सुरू झालं. बीडीओ कार्यालयातला बाबू सांगून गेला, की गाडीत बदल करायचा तर चंद्रपूरच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागतो, आणि तो अर्ज घेणारा साहेब रजेवर आहे. पोस्टमास्तर म्हणाले, अर्ज देऊ नका, दिला तर त्यांना कळेल. एक गुरुजी येऊन भूकंपाचं शास्त्र समजावून गेले, त्याचा गाडीशी संबंध काय ते अखेरपर्यंत कळलं नाही. विटांवरच्या गाडीखाली एका कोंबडीनं अंडी घातली आणि ती उबवायला बसली. तिला उठवू नका, असं सायत्राबाईचं सांगणं आलं, म्हणून त्या बाजूचं काम पिल्लं निघेपर्यंत थांबलं. देवाजी रोज दुकानात गेले की गिऱ्हाईक खताचा भाव विचारण्याआधी विचारायचं, "गाडी आली काय खाली?" चारचौघांत वर मान करून चालणारा माणूस हळूहळू मागच्या दारानं दुकानात जायला लागला.

पण गाडी आली खाली. चैत्री पुनवेच्या आधी विटा काढल्या आणि ती अशी जमिनीलगत बसली, जशी म्हैस डबक्यात बसते. इस्तारीला आपल्या कामाचा मोठा अभिमान. ठोकळ्यांना त्यानं जवसाचं तेल चोळलं होतं, आणि दर्शनी बाजूला एकेक कमळही कोरलं होतं.

"गाडीखाली कमळ कोन पाहते रे?" झिंगूभाऊंनी विचारलं.

"पाहनारा पाहते," इस्तारी म्हणाला. त्याचं म्हणणं खरं ठरलं.

पुनवेच्या सकाळी भद्रावतीहून लाल गाडी आली. वाटेत चंद्रपूर ओलांडून यायचं आणि पुन्हा चंद्रपूरलाच जायचं, केवळ म्हातारीसाठी. ताराबाई दारात उभ्याच होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात ओटीचं ताट.

"आत्याबाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, समोरच्या ओट्यापर्यंत ऐकू जावं म्हणून, "पाहा. आता गुडघे वाकवायचंही काम नाई. गाडी पायाशी आली."

सायत्राबाईनं गाडीकडे पाहिलं. पुढच्या सीटवर ताराबाईंनी आपला रुमाल आणि पाण्याची बाटली ठेवून दिली होती. म्हातारीनं लाल गाडीकडे पाहिलं. रुखमाबाई खाली उतरून, पुढचं दार उघडं धरून उभी होती. सारा गाव पाहत होता. आता गुडघ्यांचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि मागं जाऊन बसली.

ताराबाई पुढं बसल्या. निघताना त्यांनी लाल गाडीकडे वळून पाहिलंही नाही. म्हणजे पाहिलं, पण आरशातून.

गावाच्या वेशीपर्यंत सगळं छान झालं. वेशीवरच्या गतिरोधकावर गाडी चढली आणि वरच राहिली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, मधे पोट टेकलेलं. देवाजी उतरले, ताराबाई उतरल्या, इस्तारी उतरला. तो आपलं काम पाहायला म्हणून आला होता. सगळ्यांनी मिळून ढकललं. म्हातारी तेवढी आत बसून होती. लाल गाडी टुणकन पार झाली आणि थांबली.

"मोठ्याबाई, या ना आमच्यात," रुखमाबाई खिडकीतून म्हणाली. "जागा करतो."

ती मनापासून म्हणाली असणार. पण ताराबाईंना त्या क्षणी ते बाभळीच्या काट्यासारखं लागलं. "आमचं बरं आहे," त्या घाम पुसत म्हणाल्या आणि सायलेन्सर घासत, ठिणग्या उडवत, वरात निघाली. स्टिअरिंगला आता स्वतःचं मत आलं होतं. झिंगूभाऊ डावीकडे वळवत, गाडी थोडा विचार करून मग वळे.

जंगल लागलं. पळसाची शेवटची फुलं गळत होती, मोहाचा वास भरून राहिला होता. नाका आला. आडवा बांबू खाली होता. वनरक्षक लालसू आत्राम खुर्चीवरून उठले. लाल गाडीला त्यांनी नुसता हात केला. मोठी गाडी दिसली आणि त्यांचा हात हवेतच थांबला. नोकरीत त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली गेली होती: रिकामी दिसणारी गाडी खाली बसलेली असेल, तर तिच्यात चोरीचा साग आहे.

"काय भरलं?"

"मानसं," झिंगूभाऊ म्हणाले.

"मानसानं एवढी बसत नाई गाडी."

"ही बसते."

"मागं काय आहे?"

"माहे माय आहे," देवाजी म्हणाले.

आत्रामांनी मागं पाहिलं. सायत्राबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नमस्कार केला, पण संशय सोडला नाही. सीटा उचलल्या, नारळ हलवून पाहिले, पुऱ्यांचा डबा उघडून हुंगला. काही सापडेना, तसा संशय वाढला. शेवटी ते जमिनीवर बसले आणि त्यांनी गाडीखाली मान घातली.

तेल लावलेला, तांबूस, कमळ कोरलेला साग उन्हात चमकत होता.

"साग!" आत्राम आतूनच ओरडले. "पास दाखवा."

"तो गाडीचा भाग आहे जी," देवाजी म्हणाले.

"गाडीचा भाग लोखंडाचा असते. लाकूड म्हणजे वनोपज. वनोपजाले पास लागते."

"घरच्या म्यालीचा आहे."

"म्याल घरी होती तवा म्याल होती. आता रस्त्यानं चालून राह्यली, म्हणजे वाहतूक झाली."

यावर इस्तारी पुढं झाला. कोणीतरी आपलं कमळ पाहिलं याचा त्याला इतका आनंद झाला होता की प्रसंगाचं भान राहिलं नाही. "साहेब, एका दांडक्यातून चारी काढले. एकही सांधा नाई. लाकूड पाहा कसं आहे, अस्सल!"

"अस्सल साग," आत्रामांनी लिहून घेतलं. "कारागिराचा जबाब."

पंचनाम्याला दोन पंच लागतात. दुपारच्या त्या रस्त्यावर माणूस नव्हतं. पुढं थांबलेल्या लाल गाडीतून मुखरू आणि रुखमाबाई काय झालं पाहायला आले होते. आत्रामांनी कागद त्यांच्यापुढं केला.

ताराबाईंच्या आयुष्यात त्याहून काळा क्षण आला नाही. सासूला घेऊन जाणारी त्यांची गाडी, तिच्यातल्या चोरट्या मालाचा पंचनामा, आणि त्याच्यावर साक्षीदार म्हणून सही कोणाची, तर धाकट्या जावेची.

"मी नाई करत सही," रुखमाबाई म्हणाली. "आमच्या मोठ्याबाईच्या विरोधात मी नाई."

"करून टाक!" ताराबाई कडाडल्या. उपकार तर त्यांना अजिबात नको होता. "करून टाक, म्हणजे सुखानं झोप लागन तुले."

रुखमाबाईनं डोळे पुसत सही केली. अक्षर सुरेख होतं. तेही ताराबाईंना खुपलं.

ठोकळे जप्त करायचे तर ते गाडीतून काढायला हवेत, आणि काढले की गाडी उभी कशी राहणार? इथं झिंगूभाऊंनी सीटखालचं फडकं काढलं. मूळचे बोल्ट पाहून इस्तारीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू त्यांनीच साग चोरला होता. जॅक लागला. आत्रामांनी टेकवायला नाक्यावरचे दगड दिले, ते जप्तीत धरायचे नाहीत असं स्वतःच बजावलं.

"माय, उतर थोडा वेळ," देवाजी म्हणाले.

"मी नाई उतरत. एकडाव बसली ते बसली."

तेव्हा गाडी म्हातारीसकट वर जाऊ लागली. एकेक कोपरा, हळूहळू. ताराबाई मोहाच्या झाडाखाली पाठ करून बसल्या होत्या. त्यांना ते पाहवत नव्हतं. शेवटचा ठोकळा निघाला, बोल्ट आवळले, विटांच्या दिवसांपासून खाली गेलेली गाडी पुन्हा होती तेवढी उंच झाली, आणि देवाजींनी हाक मारली, "चाल वं."

ताराबाई उठल्या. दाराशी आल्या. वर पाहिलं.

पुढच्या सीटवर सायत्राबाई बसली होती. मागं उकडतं म्हणून दोन सीटांच्या मधून पदर सावरत ती केव्हाच पुढं आली होती. कोपर खिडकीबाहेर. ताराबाईंचा रुमाल आणि बाटली व्यवस्थित मागच्या सीटवर ठेवलेली.

"आत्याबाई," ताराबाई खालूनच म्हणाल्या, "आता गाडी पुन्हा उंच झाली. तुमच्यानं उतरवन कसं? गुडघे..."

"गुडघ्याले काय धाड भरली आहे?" म्हातारी म्हणाली. "मचानावर चढून राखन केली मी तुह्या वयाची होती तवा. अन् अजूनही चढतो."

"मंग एवढे दिवस?"

म्हातारीनं समोरच्या रस्त्याकडे पाहत सांगितलं, "तुले मागं मळमळते म्हनली तू. मंग मले गुडघे दुखते म्हनलं मी. कोनाचं वाईट नाई झालं." जरा थांबून म्हणाली, "रुखमा मले पुढं बसवते. तिची गाडी कशी आहे ते मी पाह्यलंही नाई."

 आत्रामांनी बांबू आवाज न करता वर उचलला.

ताराबाई मागं बसल्या. जन्मात पहिल्यांदाच. आणि आता त्या मळमळीची वाट पाहू लागल्या. ती यायलाच हवी होती, निदान अब्रूपुरती. एक वळण गेलं, दुसरं गेलं, वारा छान लागत होता, इस्तारीनं पुऱ्यांचा डबा पुढं केला आणि त्यांना चक्क भूक लागली. तेव्हा मात्र त्यांनी निश्चयानं तोंडाला पदर लावला. "थांबवा. मले होते."

त्या उतरून पळसाच्या आड जाऊन उभ्या राहिल्या. मागून येणारी लाल गाडीही थांबली. रुखमाबाई धावत आली, पाठीवरून हात फिरवू लागली आणि कनवटीला बांधलेली लिंबाची फोड काढून त्यांच्या हातात दिली. फोड सुकलेली होती, जपून वापरलेली.

"हे कोनासाठी घेऊन फिरतं तू?" ताराबाईंनी विचारलं.

"माह्यासाठीच मोठ्याबाई." रुखमाबाई ओशाळून हसली. "मले मागं बसलं का होतेच. भद्रावतीपासून पोंभुर्ण्यापर्यंत बरी असतो, मंग माय पुढं बसली का सुरू होते. पन तिले पुढं बसाचं एवढं कवतिक..."

ताराबाई लिंबाची फोड हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांना खरोखरच मळमळायला लागलं.

महाकालीच्या दारात सगळ्या नातेवाइकांसमोर मोठी गाडी थांबली. लोकांनी चौरंग शोधायला सुरुवात केली, त्याआधीच सायत्राबाई लुगडं आवरून वरून धपकन उडी मारून खाली आली होती. नारळ फुटला. ओटीचं ताट ताराबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते रुखमाबाईच्या हातात दिलं. मग लगेच अर्ध्यावर धरून ठेवलं, सगळं सोडवेना. शेवटी दोघींनी मिळून एकाच ताटानं ओटी भरली, आणि त्यातही ताराबाईंचा हात दोन बोटं वर होता.

ठोकळे सोडवायला देवाजींनी खूप खेटे घातले. म्यालीचा दाखला ग्रामपंचायतीनं दिला, तो चंद्रपूरला गेला, तिथून परत आला, तेव्हा नाकाच दुसरीकडे हलला होता. मधल्या काळात एक ठोकळा नाक्यावरच्या खुर्चीच्या तुटक्या पायाखाली लागला, एकावर रांजण बसला, एक दार उघडं राहावं म्हणून ठेवला, आणि चौथा आत्राम बदली होऊन सिरोंच्याला गेले तेव्हा कमळासाठी सोबत घेऊन गेले असं म्हणतात. इस्तारीला यातलं शेवटचं तेवढं खरं वाटायचं. पुढं त्यानं नव्या गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर कमळं कोरायचं काम सुरू केलं, ते चांगलं चाललं. झिंगूभाऊ त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत, मग एकदा त्याच्याकडून खाट करून घेतली आणि दोघं तिच्यावर बसून म्हातारे झाले. मोठी गाडी देवाजींनी एका धान व्यापाऱ्याला दिली. देवाजी आज नाहीत. दुकान मुलगा चालवतो.

सायत्राबाई त्यानंतर पुष्कळ जगली. शेवटच्या आजारात तिला चंद्रपूरला न्यायला अँब्युलन्स आली, तर स्ट्रेचरकडे पाहून म्हणाली, "मी पुढं बसतो." ड्रायव्हरनं पुष्कळ समजावलं. अखेर बसवली. कोपर खिडकीबाहेर होतं. मागं स्ट्रेचरशेजारच्या बाकावर दोन्ही सुना लिंबू चोखत बसल्या होत्या.

मुखरू निवृत्त झाला, भद्रावतीलाच घर बांधलं. लाल गाडी त्यानं मोडीत दिली तेव्हा तिच्यासाठी ताराबाईच रडल्या.

परवाच ताराबाईंच्या मुलानं नवी गाडी घेतली. पांढरी, लांबलचक. सुनेनं तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि पुढं बसत म्हणाली, "आई, तुम्ही मागं बसाल ना? मला मागं बसलं की मळमळतं."

ताराबाईंनी दांडीला हात लावला होता. तो काढून घेतला. म्हणाल्या, "नाई बापा. माहे गुडघे दुखते." आणि घरात येऊन त्यांनी भद्रावतीला फोन लावला.

सगळं ऐकून रुखमाबाईनं विचारलं, "खूप उंच आहे काय हो मोठ्याबाई गाडी?"

"उंच कुठी वं?" ताराबाई म्हणाल्या. "ठेंगनीच आहे."